निबंधातलं गाळलेलं वर्ष

आमच्या साडूंच्या हातात गेला आणि चूक न निघता परत आला, असा कागद बुलडाणा जिल्ह्यात अजून छापला गेलेला नाही. लग्नपत्रिका असो, वीजबिल असो की एसटीच्या पाटीवरचं गावाचं नाव, ते चष्मा कपाळावरून खाली ओढतात आणि मग आपण फक्त वाट पाहायची. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली थुंकीचे नमुने बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. डोळ्यांना न दिसणारं शोधून काढायची सवय लागली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. हिरवी शाई मोठ्या साहेबांची, नोकरीत ती वापरायची मुभा नव्हती. म्हणून निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी हिरवा पेन घेतला. तेव्हापासून सगळे नातेवाईक त्रस्त आहेत. एकदा ओळखीच्या घरी सांत्वनाला गेले आणि चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर गेलेल्या माणसाचं वय दोन वर्षांनी वाढवलंय, हे त्यांनी रडणाऱ्या मुलालाच सांगितलं. मी दंडाला धरून बाहेर आणलं तर मलाच म्हणाले, "मेला म्हनून काय वय वाढवाचं का, गुरुजी?"

अशा माणसाला मी स्वतः होऊन बोलावलं, यावरून माझी अवस्था ओळखा. मी चिखलीत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. माझ्या लेकीनं परदेशातल्या एका विद्यापीठात डॉक्टरकीच्या शिष्यवृत्तीच्या जागेसाठी अर्ज केला होता, तो परत आला. सोबत दोन ओळींचं पत्र होतं: निबंध कमकुवत आहे, बारावीनंतरच्या रिकाम्या वर्षाचा आणि रसायनशास्त्रातल्या कमी गुणांचा खुलासा होत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येईल. लेक दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी खामगावला साडूंना फोन लावला. रविवारी सकाळच्या बसनं ते हजर झाले, आणि पुढचे सहा रविवार आमच्या घरात दुसरा विषय निघाला नाही.

निबंध पाठवायचा इंग्रजीत, पण साडूंचा हुकूम असा, की आधी मराठीत लिहायचा, कारण "इंग्रजीत खोटं लवकर खपते." लेकीची पहिलीच ओळ होती, लहानपणापासून डॉक्टर होण्याचे माझे स्वप्न होते. साडू म्हणाले, "लहानपनी तू कंडक्टर होईन म्हनत होती. मी साक्षीदार हाओ. काट." पुढे जनसेवा आली. "कोन्त्या जनाची? एकाचं तरी नाव सांग." रसायनशास्त्राचा पेपर अवघड होता, असं तिनं लिहिलं, तर म्हणाले, "मंग बाकीच्यायले काऊन सोपा गेला?" दर रविवारी कागद हिरवागार होऊन तिच्या हातात परत यायचा. चौथ्या रविवारी बायको चहा ठेवून शेजारी निघून गेली. पाचव्या रविवारी मी शाळेत काम आहे असं सांगून रिकाम्या वर्गात दोन तास बसून आलो. खरं सांगतो, इतका थकवा मला निवडणुकीच्या ड्यूटीनंतरही आलेला नाही.

सहाव्या रविवारी ते एका ओळीवर थांबले. "कौटुंबिक अडचणींमुळे एक वर्ष शिक्षण थांबले." ही ओळ मी सांगितली होती. त्यांनी तिच्याभोवती हिरवं वर्तुळ काढलं आणि पेन खाली ठेवला.

"कोन्ती अडचन, गुरुजी?"

त्यांना माहीत नव्हतं असं नाही. बारावीच्या वर्षी लेकीचा खोकला पहिल्यांदा त्यांनीच ऐकला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले होते, "उद्या हिची थुंकी घेऊन या." तेव्हा ते अजून नोकरीत होते, नमुना त्यांनी स्वतः तपासला. टीबी निघाला. त्या दिवशी प्रयोगशाळेच्या दारात मी त्यांना हात जोडले, कोणाला सांगू नका म्हणून. फ्लेक्सवरची चूक ज्यांच्या पोटात राहिली नाही, त्या माणसानं ही गोष्ट स्वतःच्या बायकोलाही, म्हणजे माझ्या सख्ख्या मेहुणीलाही, सांगितली नाही.

"पोरीचं लग्न व्हायचं आहे, भाऊजी," मी म्हणालो.

"हा निबंध नवरदेव वाचनार हाय का?"

लेक उठून उभी राहिली. "बाबा, मले लिवायचं आहे," म्हणाली आणि आतल्या खोलीत जाऊन बसली.

तासाभरानं तिनं वाचून दाखवलं. गोळ्यांनी मळमळायचं, रसायनशास्त्राच्या पेपरात ती दोनदा बाहेर जाऊन आली होती. हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. उपचार सहा महिन्यांत संपले, पण अंगात ताकद यायला आणि पुन्हा पुस्तक हातात धरायला वर्ष गेलं. पुढे एक वाक्य होतं: मला खोकला आला की शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून बाबा टीव्हीचा आवाज वाढवायचे, असं ज्या घरांत होतं, त्या घरांत मला डॉक्टर म्हणून जायचं आहे.

बायको पदर डोळ्यांना लावून उभी होती. साडूंनी कागद मागून घेतला, दोनदा वाचला, पाणी मागितलं. मी हळूच म्हणालो, "ते टीव्हीचं तेवढं काढलं तर?"

"राहू द्या, गुरुजी," ते म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "मी बी तं गप्पच बसलो. मी दवाखान्यातला मानूस. मी तं बोलाले पाह्यजे होतं."

तो कागद जसाच्या तसा इंग्रजीत करून गेला. ऑनलाइन मुलाखतीत तिला बहुतेक प्रश्न त्या वर्षाबद्दलच विचारले. निवड झाली. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ती गेली. आमच्या घरी आता रविवारी कोणी येत नाही, आणि आम्हा दोघांना दुपार सरता सरत नाही.

मागच्या महिन्यात मीच खामगावला गेलो. साडू अंगणात खुर्ची टाकून बसले होते. लेकीची खुशाली सांगितली, तिनं पाठवलेला पांढऱ्या कोटातला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. मग म्हणाले, "गुरुजी, इतकी वर्षं रजिस्टरात नावापुढं पॉझिटिव्ह लिवलं. मानूस गोळ्या घेऊन गेला का मंग दिसत नसे. बरा झाला का मेला, लगन झालं का नाही, काईच पत्ता नाही. ही एकच पोरगी हाय, जिचं पुढं काय झालं ते मले समजलं."

चिखलीच्या बसची वेळ झाली होती. पायात चपला सरकवून ते मला सोडायला स्टँडपर्यंत आले, आणि बस हलली तरी तिथेच उभे होते.