ब्रुजच्या पुलावर सासूबाई गायब

सासू हरवायला फार काही लागत नाही. सून जरा सुसंस्कृत असली की पुरे.

मी आहे. आम्ही मिशिगनमध्ये ट्रॉयला राहतो आणि इथल्या प्रत्येक पॉटलकला, म्हणजे घरोघरचे डबे एकत्र करून होणाऱ्या जेवणाला, कोणीतरी टूर कंपनीबरोबर केलेल्या युरोपचे फोटो दाखवतंच: एकसारख्या टोप्या, सगळ्यांत मिळून एक झेंडा आणि आयफेल टॉवरखाली उपमा! अशा लोकांना मी मनापासून नाकं मुरडते. त्यामुळे पुण्याहून आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंना युरोप दाखवायचं ठरलं, तेव्हा मी जाहीर केलं, "आपण टुरिस्ट नाही, ट्रॅव्हलर! गाइड नाही, बस नाही, बोट नाही." निखिल, म्हणजे माझा नवरा, "हो" म्हणाला. (लग्नापासून त्याला तेवढंच येतं.)

कालव्यांचं जुनं गाव म्हणून बेल्जियममधलं ब्रुज निवडलं. ब्रसेल्सहून सकाळच्या ट्रेननं निघालो. सासूबाईंचा फोन मी मुद्दाम हॉटेलवर ठेवायला लावला. "आई, क्षण जगा!" मग त्यांना एका दगडी पुलावर नेऊन बसवलं.

"इथे बघायचं काय, मेधा?"

"वातावरण, आई. ते अ‍ॅब्सॉर्ब करायचं."

त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. "झालं. आता बोटीत बसू या?"

"बोटीत टुरिस्ट बसतात!"

"मग चहा?"

"आई, चहा काय, ट्रॉयलाही मिळतो!"

तेवढ्यात आल्या नारिंगी टोप्या! पुढे झेंडा, मागे मराठी माणसांचा लोंढा आणि हवेत लसणाच्या चिवड्याचा वास. "चला चला, फोटोला पाच मिनिटं!" सासूबाईंची साडी पाहून एका काकांनी मलाच विचारलं, "काय, पुण्याच्या का?"

"सॉरी?" मी जमेल तितक्या अमेरिकन उच्चारात म्हणाले आणि पाण्यातल्या राजहंसाकडे एकटक बघत राहिले. लोंढा पुरता गेल्याची खात्री झाल्यावर वळले, तर पुलावर एकटा निखिल. तोही राजहंसच बघत होता!

"आई कुठेयत?"

"तुझ्याकडे होती ना?"

त्यानंतर आम्ही जे काही ब्रुज पाहिलं, ते धावत. चर्चमध्ये शोधलं, चॉकलेटच्या दुकानांत शोधलं, एका लेसवाल्या बाईसमोर मी साडीच्या निऱ्यांचा अभिनयही करून दाखवला. (तिनं मला टेबलक्लॉथ दाखवला.) सासूबाईंजवळ फोन नाही, इंग्रजी जेमतेम, हॉटेलचं नावसुद्धा माहीत नाही. खरं सांगते, भर चौकात रडू फुटलं. मग पुण्यातली नणंद आठवली आणि आणखी फुटलं!

एकदम निखिल थांबला. "यार मेधा, मला फोडणीचा वास येतोय."

वासाच्या मागे मागे गेलो, तो गावाबाहेरच्या बस पार्किंगमध्ये पोचलो. तिथे टूरबरोबर आलेले महाराज बटाट्याची भाजी आणि पुऱ्या वाढत होते. मधोमध फोल्डिंगच्या खुर्चीवर सासूबाई! डोक्यावर नारिंगी टोपी, हातात चहा, आणि भेंड्या रंगात आलेल्या.

"आई!" मी किंचाळले. "अहो, किती शोधलं तुम्हाला! जीव जायची वेळ आली माझ्यावर!"

"अरेच्चा!" मघाचे काका म्हणाले. "यांना मराठी येतं की!"

"मी सांगून निघाले होते," सासूबाई भेंड्यांतून मान वळवून म्हणाल्या. "चहा पिऊन येते म्हटलं. तू हंस बघत होतीस."

महाराजांनी माझ्यापुढे प्लेट धरली. मी बाणेदारपणे नको म्हणाले. त्यांनी दुसऱ्यांदा विचारेपर्यंत मात्र मला धीर निघाला नाही.

जेवणानंतर टूरच्या बोटीत एक जागा रिकामी होती, कुणाचे तरी गुडघे दुखत होते म्हणून. सासूबाई आम्हाला न विचारता जाऊन बसल्या. आम्ही दोघं ट्रॅव्हलर पुन्हा पुलावर. बोट खालून जाताना मी जोरजोरात हात हलवला.

"ते वर कोण हो?" शेजारच्या काकूंनी विचारलेलं स्पष्ट ऐकू आलं.

"मुलगा आणि सून," सासूबाई म्हणाल्या. "सकाळपासून हरवले होते बिचारे. आत्ता कुठे सापडले."

मला वरून ओरडून खुलासा करायचा होता. पण काय करणार! तोंडात महाराजांनी वाटेसाठी बांधून दिलेली पुरी होती.