निकालाआधी रंगवलेलं नाव

शाळेच्या सभागृहात एक काळा फळा आहे. खडूने लिहायचा नव्हे, मान वर करून बघायचा. गणितात शंभरपैकी शंभर गुण मिळवणाऱ्यांची नावं त्यावर सोनेरी रंगात काढलेली आहेत. दरवर्षी एक, क्वचित दोन. एका वर्षी कुणालाच शंभर मिळाले नाहीत, तिथे नुसती रेघ आहे. पण ती रेघही अशी डौलदार, की शंभर न मिळवण्यातही काही शान असावी असं वाटतं.

बावीस वर्षं ही नावं एकाच माणसाने काढली. त्याला सगळे पेंटर म्हणत. बायकोसुद्धा. "पेंटर, जेवायला चला!" अशी हाक आली की नवीन शेजाऱ्यांना वाटे, यांच्याकडे भिंतींचं काम चाललंय आणि ही बाई मजुरांना पोटभर जेवू घालते.

पेंटर स्वतः गणितात तीनदा नापास झाला होता. तिसऱ्यांदा तर उत्तरपत्रिकेवर आपलं नाव काढण्यातच त्याचा वेळ संपला. तपासणाऱ्या मास्तरांनी शून्य दिलं आणि खाली लिहिलं, 'अक्षर उत्तम.' आयुष्यात मिळालेलं हे एकमेव प्रशस्तिपत्र त्याने इतकं मनावर घेतलं, की थेट ब्रशच हातात धरला.

नाव काढायची त्याची एक पद्धत होती. ज्याचं नाव, ते पोर आधी फळ्याखाली येऊन उभं राहिलं पाहिजे. "चेहरा बघितल्याशिवाय अक्षर बसत नाही," असं तो म्हणे. मग शिडीवर बसून तो त्या चेहऱ्याकडे टक लावून बघे आणि हळूहळू त्याचे डोळे जडावत आणि पुढची चित्रं दिसू लागत. हा पोरगा समुद्रावर पूल बांधतोय. ही पोरगी दुर्बिणीतून एक तारा हुडकतेय, तारा सापडत नाही, तरी ती हसतेय. सुट्टीतलं रिकामं सभागृह, वर संथ फिरणारा पंखा, खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात तरंगणारी धूळ, आणि त्या सगळ्यात पेंटरचा ब्रश, पाण्यातून चालल्यासारखा. पूल बांधणाऱ्याने पुढे केस कापायचं दुकान टाकलं, हे कुणीतरी सांगितलं तेव्हा पेंटर चिडला होता. "ते खाली," तो म्हणाला, "फळ्यावर अजून पूलच बांधतोय तो!"

यंदा त्याची लेक शेवटच्या वर्गात होती. गणिताचा पेपर देऊन ती घरी आली आणि दप्तर फेकून म्हणाली, "बाबा, सगळी गणितं सोडवली."

झालं! सोडवलेलं गणित चुकूही शकतं, हे पेंटरला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. त्याने जन्मात एकही गणित शेवटपर्यंत नेलं नव्हतं. सगळी सोडवली म्हणजे शंभर, हा त्याचा सरळ हिशेब.

सुट्टी लागल्यावर तो जुनी नावं उजळायला सभागृहात गेला. दुपार होती. शिडीवर बसल्या बसल्या डोळे जडावले. या खेपेला चेहरा समोर उभा करायची गरजच नव्हती. तो चेहरा त्याने पाळण्यात पाहिला होता. लेक कुठल्याशा निळ्या खोलीत बसली होती, भोवती आकडे पाखरांसारखे उडत होते आणि तिने हात पुढे केला की एकेक येऊन मनगटावर बसत होता. पेंटर शुद्धीवर आला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि फळ्यावर लेकीचं नाव झळकत होतं. बावीस वर्षांत इतकं सुंदर अक्षर उतरलं नव्हतं.

निकाल लागला. लेकीला शहाण्णव. शंभर मिळाले ते तिच्याच बाकावरच्या मैत्रिणीला. ती इतकी लहानखुरी आणि गप्प होती, की वर्गात तिला मुंगी म्हणत.

दुसऱ्या दिवशी कौतुकाचा कार्यक्रम. मुख्याध्यापकांनी पेंटरला बोलावलं, फळ्याकडे बघितलं, चष्मा पुसला, परत बघितलं. माणूस मनाचा मऊ.

"शहाण्णव म्हणजे काही थोडे नाहीत हो," ते म्हणाले. "राहू द्या. खाली त्या मुलीचं काढा. वर कोण वाचतंय?"

"मी वाचतो," पेंटर म्हणाला. पण चिंधीकडे त्याचा हात जाईना.

तेवढ्यात लेक आली, मागून मुंगी. लेकीने मान वर केली आणि दारातच खिळल्यासारखी उभी राहिली.

"बाबा! हे कधी केलंस?"

"तू म्हणालीस ना, सगळी सोडवली."

"सोडवली म्हणजे बरोबर आली असं कोण म्हणालं?"

"मग चुकीचं सोडवायचं कशाला? त्यापेक्षा माझ्यासारखं सोडून द्यायचं!"

मुंगी खुदकन हसली आणि घाबरून तोंडावर हात ठेवला. मुख्याध्यापक कुणी हाक मारल्यासारखे बाहेर निघून गेले.

लेक शिडी चढून वर गेली. नाकाला रंग लागेल इतक्या जवळून तिने आपलं नाव पाहिलं. बराच वेळ. पंखा फिरत होता.

"खूप छान काढलंयस रे," ती हळूच म्हणाली. "मी अशी दिसते तुला?" मग ती खाली उतरली, त्याच्याच खिशातली चिंधी काढली आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवून त्याच्या हातात दिली. "पूस. मी नाही पुसणार, मला रडू येईल."

पेंटरने पुसलं. आधी शेवटचं अक्षर, मग त्याच्या आधीचं. रंग नवा होता, सहज निघाला. त्या जागेवर काळ्या रंगाचा हात मारला, तो वाळू दिला आणि मुंगीला फळ्याखाली उभं केलं. चेहरा बघितला. पुन्हा बघितला. पण डोळे जडावेनात. पहिलं अक्षर काढलं, ते औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेसारखं उतरलं.

"बाबा, हे काय मेलं अक्षर!" लेक खालून ओरडली.

"दिसतच नाही गं काही. बोलतही नाही ती."

"मी सांगते, तू काढ." लेक शिडीच्या खालच्या पायरीवर बसली. "ती पायऱ्या मोजत चढते. सतरा झाल्या की थांबते, कारण सतरा तिला आवडतो."

"सतरा? का?"

"कुणानेच भाग जात नाही, एकटा असतो म्हणून," मुंगीच म्हणाली. एवढंच.

"आणि माझं गणित चुकतंय हे तिला पेपरात दिसलं होतं," लेक म्हणाली. "घरी जाताना रस्ताभर ती माझ्यापेक्षा जास्त रडली. मला तर कारणही कळलं नव्हतं."

पेंटरने पहिलं अक्षर पुसलं. उन्हाचा पट्टा फळ्यावर चढला होता. कुठेतरी एक उंच जिना होता, दिव्याशिवाय उजळलेला. त्यावरून एक लहानखुरी बाई चढत होती, सतराव्या पायरीवर थांबून मागे वळून बघत होती, मागून येणाऱ्या कुणाची तरी वाट बघत. कुणाची, ते पेंटरला शिडीवरून स्पष्ट दिसत होतं.

"बाबा, झोपलास काय?"

"गप्प," पेंटर म्हणाला. "हात चाललाय."