कपाटरावांची झोळी

आमच्या मजल्यावर समोरच्या दारात शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांना सगळे मापबाई म्हणतात, कारण त्यांनी माणसाच्या अंगाला कधी टेप लावला नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की चष्म्यावरून एकदा वर-खाली बघायचं आणि म्हणायचं, "झालं, परवा या." माझ्या मापाबरोबर तर शेराही फुकट मिळतो. "मागच्या खेपेपेक्षा कापड जास्त आण हं," हे भर जिन्यात, चार लोकांच्या देखत. तरी कपडा असा चोख बसतो की भांडायला तोंड राहत नाही.

त्यांचे यजमान कपाटराव. हे नाव मी ठेवलं असं सगळे म्हणतात, आणि ते खोटं नाही. घरसामान हलवण्याच्या धंद्यात माणसाचा उभा जन्म गेला. पाठीवर पट्टा टाकून लोखंडी कपाट एकट्याने वरच्या मजल्यावर न्यायचे आणि कपाटाच्या मालकालाच विचारायचे, "दमलात का?" गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं. तेव्हापासून ते पलंगावर, आणि त्यांचा भार मापबाईंच्या कंबरेवर.

मुलगी दुसऱ्या गावात असते, रविवारी येते. बोलते कमी, बघते जास्त. एका रविवारी तिने आईला पलंगाचा कठडा धरून सरळ होताना पाहिलं आणि म्हणाली, "आई, बाबांना माझ्या घराजवळच्या संस्थेत ठेवू. तिथे उचलायला माणसं आहेत."

"माणसं मलाही आहेत," असं म्हणून मापबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांचा चहा पीत होते. मला ठसका लागला.

"मग उचलायचं यंत्र आण. पण बाबा एकदा जरी पडले, तर माझं ऐकायचं. कबूल?"

"कबूल."

"मला... विचारा की," कपाटराव म्हणाले. त्यांचे शब्द आता एकेक पायरी चढत वर येतात. वर येईपर्यंत निर्णय झालेला असतो.

यंत्र आणायला मी बरोबर गेले. न जाऊन कसं चालेल, दुकानात काय झालं ते मजल्यावर कोण सांगणार? लोखंडी बगळ्यासारखं धूड होतं ते. खाली चाकं, पुढे लांब मान, मानेला आकडे. दांडा हापसला की मान वर जाते, चावी फिरवली की खाली येते. खालचे पाय खुर्चीच्या मापाने फाकवता येतात, पट्ट्या लांब-आखूड करता येतात. सगळं कमी-जास्त करता येतं. कमी-जास्त करता येत नाही ती फक्त आकड्यांना अडकवायची कापडी झोळी. ती माणसाच्या मापाचीच घ्यावी लागते.

"पेशंटचं माप आणलंय का?" दुकानदाराने विचारलं. "पाठीची लांबी, मांडीचा घेर, वजन?"

"माप?" मापबाई हसल्या. "मी कोण आहे ते विचारा हिला. सगळ्यात मोठी द्या."

"बाई, मोठी म्हणजे चांगली असं नसतं. लहान झाली तर काचते, हे खरं. पण मोठी झाली तर माणूस खालून निसटतो."

"कपडा आखूड झाला तर वाया जातो. सैल झाला तर दोन टाके घालता येतात. मला शिकवू नका."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

रविवारी दुपारी मापबाईंनी ठरवलं, लेक दारात येईल तेव्हा तिचे बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसलेले दिसले पाहिजेत. दुसरं काही बोलायची गरजच नाही. त्यांनी शिलाई मशीन भिंतीला सरकवलं, खुर्ची मांडली, कपाटरावांना कुशीवर वळवून झोळी खाली सारली, पट्ट्या आकड्यांत अडकवल्या. मला दांड्यापाशी उभं केलं.

"सैल आहे," कपाटराव म्हणाले.

"गप्प पडा हो. माप माझं आहे."

"पट्टा... सैल नको. कपाट... जातं."

"तुम्ही कपाट नाही. हं, हापस गं."

मी हापसलं. कपाटराव गादीवरून सुटले. आधी कंबर लोंबली, मग गुडघे छातीशी आले. पाठ ताठ धरायची ती झोळी मधोमध खड्डा करून बसली आणि त्यात ते पुडी बांधल्यासारखे दुमडले. मला ते बरं दिसेना. पण मापबाईंनी बगळा पलंगापासून ओढला होता आणि कपाटराव आता पलंगावरही नव्हते, खुर्चीवरही नव्हते. खाली नुसती फरशी.

तेवढ्यात त्यांचा डावा हात पट्टीतून सुटून वर गेला, आणि मांड्यांच्या पट्ट्यांमधल्या फटीतून कंबर सरकायला लागली.

"मागे घे! पलंगाकडे घे!"

मी ओढलं. चाक हलेना. शिलाई मशीनची वायर त्यात गुंडाळली होती. मी जोर लावला तशी झोळी हेलकावली आणि कपाटराव आणखी वीतभर खाली आले. मापबाईंनी दोन्ही मुठींत झोळीचं कापड धरलं. पण कापड धरून माणूस थांबतो थोडाच? तो कापडातून निघत होता. मी तोंड उघडं टाकून उभी होते. माझी वाचा बसलेली मी स्वतः कधी ऐकली नव्हती, ती तेव्हा ऐकली.

"ओढू... नका," वरून आवाज आला. कपाटरावांनी उजव्या हाताने बगळ्याची मान धरली होती. घामाने चेहरा डबडबला होता, पण आवाज जिन्यात कपाट वळवतानाचा. "शेजारीणबाई. चावी. हळू... सोडा."

"खाली फरशी आहे हो!"

"ही आहे ना... खाली."

मापबाईंना आधी समजलं. त्या फरशीवर मांडी ठोकून बसल्या आणि हात वर केले. मी चावी केसभर फिरवली. मान खाली यायला लागली.

"थांब," ते हमालाला सांगावं तसं म्हणाले. मी थांबले.

"सोड."

मी सोडलं.

"थांब. पाय... बाजूला घे," हे बायकोला. "सोड," हे मला.

असं थांबत, सोडत स्वतःलाच त्यांनी खाली उतरवलं. ओझंही तेच आणि मुकादमही तेच. शेवटी फटीतून सुटून ते धप्पकन आले ते मापबाईंच्या मांडीवर. बाईंच्या तोंडून "आई गं" निघालं.

"लागलं का?" मापबाईंनी विचारलं.

"तुला?"

"मला काय होतंय." त्यांनी कपाटरावांची पाठ चाचपली. खांदे चाचपले, दंड धरून पाहिला, परत धरून पाहिला. हात तिथेच थांबला. "अगं, त्या डब्यातला टेप दे."

मी दिला. शिंप्याचा टेप शिंपिणीच्या हातात बघून मी दचकावं, असा तो प्रसंग. त्यांनी पाठ मोजली, मग मांडीचा घेर मोजला. आकडा पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा मोजला.

"इतके वाळलात कधी हो?"

"तुझ्या... समोरच की," कपाटराव म्हणाले.

जिन्यात पावलं वाजली. लेकीची चाल मी ओळखते. मी घाईघाईने म्हटलं, "मी सांगते, आपण मजेत खाली बसून पत्ते खेळतोय. बोलू नका, मी सांभाळते."

"तू गप्प बस," मापबाई म्हणाल्या.

लेक दारात आली. लोंबणारी रिकामी झोळी, फरशीवर आईच्या मांडीवर वडील आणि यंत्राला टेकून मी, सगळं तिने एका नजरेत घेतलं. नजर आईचीच आहे.

"पडले?"

हो म्हटलं तर कपाटराव चालले, नाही म्हटलं तर लेक काय दुधखुळी आहे?

"निसटले," मापबाई म्हणाल्या. "माझ्या अंगावर आले म्हणून वाचले. झोळी मोठी झाली. दुकानदार माप मागत होता, यांनी सैल आहे म्हणून सांगितलं. मी दोघांचंही ऐकलं नाही. माझं माप चुकलं."

इतक्या वर्षांत हे तीन शब्द त्या बाईंच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. लेकीने पर्स खाली ठेवली, वडिलांजवळ बसली, टेप उचलला.

"परत घे. माझ्यासमोर."

मापबाईंनी पुन्हा माप घेतलं, मोठ्याने आकडे सांगितले. लेक ते पुटपुटत तशीच उठून दुकानात गेली. तोवर मी खालच्या मजल्यावरची माणसं बोलावली आणि कपाटरावांना चादरीत धरून पलंगावर घेतलं. ते प्रत्येकाला विचारत होते, "दमलात का?"

झोळी आली ती मधल्या मापाची. वायर गुंडाळून खुंटीला टांगली. दांड्यावर या वेळी लेक. कपाटराव वर उठले ते पाठ टेकून, डोकं सावरून, खुर्चीत बसल्यासारखे. मापबाईंचे हात तरी खालीच धरलेले. खिडकीपाशी टेकल्यावर कपाटरावांनी बाहेर पाहिलं आणि म्हणाले, "आता... बसलं."

लेक बराच वेळ पट्ट्या ओढून बघत होती. मग म्हणाली, "आई, दर महिन्याला माप घ्यायचं. टेपने. चुकवलंस तर संस्था."

संस्थेचं नाव त्यानंतर निघालेलं नाही. मापबाईंच्या गळ्यात मात्र टेप आला तो आलाच. परवा मी गाउनचं कापड घेऊन गेले आणि म्हटलं, "माझं नजरेनेच घ्या हो, मी काही हवेत लटकणार नाहीये." त्यांनी न बोलता टेप माझ्या कमरेभोवती फिरवला, आकडा पाहिला आणि तो आधी खुर्चीतल्या कपाटरावांना दाखवला.

"हिला," ते म्हणाले, "मोठीच... झोळी लागेल."