खिडकीवरचं कुंकू

ताऱ्यांमधल्या ढगांसारखा विरळ वायू आम्ही प्रयोगशाळेत एका पोलादी नळकांड्यात तयार करतो. त्यातून क्ष-किरण सोडायचे. वायूनं किती गिळले, ते आलेखातल्या खड्ड्यांवरून कळतं.

दसऱ्यानंतर आलेखात एक नवाच खड्डा दिसला. "शोध लागला!" म्हणत आमच्या विभागप्रमुख साहेबांनी पेढे वाटले. मी नळकांड्याची खिडकी पाहिली. किरण जिथून आत शिरतात, तिथंच साहेबांनी पूजेच्या दिवशी कुंकवाचं बोट ओढलं होतं. कुंकू म्हणजे हळद आणि चुना, आणि चुन्यातलं कॅल्शियम क्ष-किरण गिळतं! मी ते पुसलं, खड्डा नाहीसा झाला.

"कुणी सांगितलं होतं पुसायला?" साहेब कडाडले.

जवळजवळ काहीच नसलेला तो वायूसुद्धा आतून जाणाऱ्या किरणातलं थोडं ठेवून घेतो. साहेबांच्या डोक्यातून मात्र सगळं आरपार जातं.