डबलसीटचा ब्रेक

गाडीचा पुढचा ब्रेक गेला आणि बायकोने माझ्या मागे बसणं सोडलं. नव्वदीच्या दशकाची अखेर होती. मी धुळ्याला सरकारी कचेरीत, ती यावलला जिल्हा परिषदेच्या शाळेत. नवरा-बायकोला एका जिल्ह्यात आणावं म्हणून केलेला बदलीचा अर्ज कुठेतरी पडून होता. तोवर आमचा संसार म्हणजे शनिवारी दुपारी निघून सोमवारी पहाटे परतणं. पारोळा, एरंडोल, जळगाव, तापीचा पूल आणि मग यावल. सुट्टी लागली की मी तिला मागे बसवून धुळ्याला आणायचो. त्या दिवसांत माझ्या खोलीला घर म्हणावंसं वाटायचं.

गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. कंपनीने ती बनवणंही केव्हाच बंद केलं होतं. पण पुढे डिस्क ब्रेक होता आणि त्याचा मला भारी तोरा. हँडलवर तेलाची छोटी डबी, तिच्यात दट्ट्या. लिव्हर दाबली की दट्ट्या तेल ढकलतो आणि खाली चाकाची तबकडी आवळली जाते. त्या डबीला मास्टर सिलेंडर म्हणतात. माझ्या गाडीचा तो आतून झिजला होता, हे मला सुट्टीनंतर तिला परत सोडायला जाताना यावलच्या अलीकडे कळलं. केळीच्या बागेतून एक भरलेला ट्रक मागे मागे येत रस्त्यावर आला, मी लिव्हर दाबली आणि ती थेट मुठीला टेकली. मागच्या ब्रेकवर गाडी कशीबशी बाजूच्या पाटात घातली. लागलं कुणालाच नाही. बायको चिखलातून उठली, पदर पिळला आणि म्हणाली, "यापुढे मी एस.टी.ने येईन."

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं समजून मी आग्रह सोडला. पण यावलहून जळगाव, तिथे गाडी बदलून धुळे, आणि तेही उभ्याने. ती एकदा आली, तापाने फणफणली आणि मग येईनाशी झाली. मी जायचो तेव्हाही आम्ही घरातच बसायचो. पूर्वी संध्याकाळी बागांच्या रस्त्याने फेरी व्हायची, ती बंद झाली. इकडे शेजारी मला हसत "एकटा जीव सदाशिव" म्हणायचे. लग्न झालेल्या माणसाला हे ऐकवायला जीभ कशी रेटते, देव जाणे.

धुळ्याच्या मिस्त्रीकडे गेलो. खानदेशात तेव्हा पुढचा ब्रेक लावणं म्हणजे मरण ओढवून घेणं, असा सगळ्यांचाच पक्का समज. कित्येकांनी तर पुढच्या ब्रेकची वायर ढिली करून ठेवलेली. मिस्त्री माझ्या डबीकडे बघून अहिराणीत म्हणाला, "भाऊ, पुढला बिरेक कसाले जोयजे? मांगला शे ना. बठ्ठा लोके मांगलाच वापरतस. पुढला दाबा म्हंजे मानूस तोंडवर पडस."

"पुढचा कशाला हवा म्हणता, मग कंपनीने तो शोभेला लावला का?" मी म्हणालो.

"शोभालेच," तो शांतपणे म्हणाला.

मी चिडून निघून आलो. लोक काय वापरतात याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. मला ती परत मागच्या सीटवर हवी होती.

जळगावला स्पेअर पार्टच्या दुकानात चौकशी केली. माझ्या गाडीचा सिलेंडर मिळणार नव्हताच. पण नव्या गाड्यांचे दोन होते, दोन्ही माझ्या हँडलवर बसण्यासारखे आणि जुन्यापेक्षा चांगले. एकाचा दट्ट्या जाड, एकाचा बारीक. "जाड न्या, सगळे तोच नेतात," दुकानदार म्हणाला. पण रंगपंचमीला पिचकारी धरलेल्या कुणालाही ठाऊक असतं, तेवढ्याच जोरात बारीक पिचकारीची धार जास्त लांब जाते. बारीक दट्ट्याची लिव्हर जास्त आत जाते, पण ब्रेक कचकन लागतो. म्हणून मी बारीक मागितला.

"तसं असेल तर एक सांगा," दुकानदार म्हणाला. "गाडी सिंगल चालवता का डबलसीट? माणूस एकटा असला, मागे वजन नसलं, तर बारीकवाला पुढचं चाक धरून ठेवतो. घसराल. डबलसीटला मात्र तोच बरा."

मी गाडीवरून यायचो एकटा, जायचो एकटा. कॅरियरला डबा, तोही रिकामा.

"डबलसीट," मी म्हणालो. ती बाहेर पिशवी घेऊन उभी असल्यासारखं म्हणालो.

धुळ्याच्या मिस्त्रीने तो कुरकुरत बसवला. ब्रेकच्या तेलात अडकलेली हवा काढायला दोघं लागतात, एक वर लिव्हर दाबणारा आणि एक खाली स्क्रू सोडणारा. "एकला मानूसनं काम नई हाई," तो म्हणाला, म्हणून मी दाबत राहिलो आणि त्याने हवा काढली.

दुकानदार खोटं बोलला नव्हता. एकट्याने दाबला की पुढचं चाक कर्र करायचं आणि मागचं हलकं व्हायचं. दोनदा पडता पडता वाचलो. शेवटी मागच्या सीटवर ज्वारीचं पोतं ट्यूबच्या पट्टीने बांधलं. तेव्हा ब्रेक शहाण्यासारखा लागला. कचेरीतले विचारायचे, "काय, वहिनींना घेऊन निघालात का?" मी हसायचो. खोलीवर आलो की ते पोतं उतरवायचा कंटाळा यायचा आणि फार एकटं वाटायचं.

तसाच पोत्यासकट यावलला गेलो. ज्वारी आणलीय, असं तिला सांगितलं. रविवारी संध्याकाळी पोतं उतरवून म्हटलं, "बस एकदा. फक्त बागांपर्यंत." तिने बराच वेळ गाडीकडे पाहिलं. मग बसली. माझ्या खांद्याला घट्ट धरलं. पाट आला तिथे मी मुद्दाम ब्रेक लावला. गाडी जिथल्या तिथे उभी राहिली, ना चाक ओरडलं, ना ती पुढे आदळली.

"लागतो की," ती म्हणाली. परतताना तिचा हात खांद्यावर सैल होता. घरी येऊन तिने विचारलं, "आणि एकट्याला?"

"एकट्याला जास्तच लागतो," मी म्हणालो. ज्वारीचं पोतं का आणलं, हे तिला आता सांगायची गरज नव्हती.

सोमवारी पहाटे मी चहा पीत होतो तेव्हा ती अंगणात होती. बाहेर येऊन बघतो तर पोतं परत सीटवर. तिने ते घरात नेलंच नव्हतं. काल ती जिथे बसली होती तिथेच ठेवलं होतं आणि ट्यूबच्या पट्टीने आवळत होती. गाठ ओढून पाहिली, आणखी एक मारली.

"दिवाळीच्या सुट्टीला न्यायला या," ती म्हणाली. "तोवर हे असू द्या."

तापीच्या पुलावर मी ब्रेक लावून पाहिला. अगदी नीट लागला. तिच्याशिवायही तो नीट लागतो, याचं मला त्या पुलावर फार वाईट वाटलं.