यादवरावांची दोन पायल्या ज्वारी

मला काहीही झालेलं नसताना मी एकदा क्विनाइन प्यालो. कारण एवढंच, की सुगीत आमच्या खळ्यावर यादवरावांना दोन पायल्या ज्वारी दिली होती आणि वर्ष सरत आलं तरी घरात कुणी शिंकलंही नव्हतं. दिलेलं वसूल करावं म्हणून गेलो. दुसऱ्या दिवशी त्या औषधानं कानांत अशी घणघण सुरू झाली, की सुटीची घंटा झाली समजून मी अमडापूरची अख्खी शाळा तासभर आधी सोडून दिली.

यादवराव म्हणजे सरकारी दवाखान्यातून पेन्शनीत निघालेले कंपौंडर. वऱ्हाडाचा कारभार तेव्हा मध्यप्रांताबरोबर नागपुराहून चाले, आणि नागपुराला आमचं गाव काही दिसत नसे. तापकऱ्याला गाडीत घालून चिखलीला न्यावं लागे. म्हणून यादवरावांनी आपल्या ओसरीवर बाटल्या मांडल्या. फी नाही. लोहार-सुतारांसारखे तेही सुगीत खळ्यावर येऊन उभे राहत. दर घरामागे दोन पायल्या, मग वर्षभर औषध. ती ज्वारी विकून मलकापुराहून क्विनाइन आणत. कुणी कुरकुरलं की म्हणत, "छप्पर उन्हाळ्यात शाकारतं ना बे? मंग दवाई काऊन तापात शोधतं?"

वर्षाअखेर माझ्यासारखे धडधाकट वसुलीवाले ओसरीवर रांगेनं बसले. बाकीच्यांना त्यांनी ओव्याचं पाणी पाजून वाटेला लावलं. मी पडलो शिकलेला. कडूच हवं म्हणून अडून बसलो.

"प्या, मास्तर," ते म्हणाले. "पन हे कोन्या तरी तापकऱ्याच्या वाट्याचं हाये."

पुढच्या सुगीत पाटील म्हणाले, "आमच्या घरी तं कोनी बिमार नाही पडलं. यंदा काऊन द्याव?" हे मला फार पटलं. मीही दिली नाही. ज्यांच्या घरी खोकणारं, खंगलेलं माणूस होतं, तेवढ्यांनीच दिली. पोतं अर्धंही भरलं नाही.

"घेनारे सारे राह्यले, देनारे गेले," यादवराव म्हणाले. "कसं जमाव?"

आश्विनात हिवताप आला. आमची सुमन तापानं फणफणली, तेव्हा मी खाली मान घालून त्यांच्या ओसरीवर उभा राहिलो. "यंदा मी ज्वारी..." एवढंच बोललो. ते पुड्या बांधत होते. "दवाई काही पायली पाहून गुन देत नाही. न्या, पोरगी वाट पाहत असंन."

पाटलांच्या घरीही पुड्या गेल्या. आठ दिवसांनी तुकाराम कोष्टी बायकोसाठी धावत आला. त्याला शेत नाही, खळं नाही. त्यानं बाजारातून विकत घेऊन ज्वारी दिली होती. तोवर क्विनाइनचा डबा रिकामा झाला होता. चिखलीच्या वाटेवर, गाडीतच ती गेली.

सुमन बरी झाली.

त्यानंतर यादवराव ओसरीवर बसले नाहीत. एकदा रस्त्यात भेटले, तेव्हा थकल्या आवाजात म्हणाले, "इतकी नोकरी केली मास्तर, पन कोनाले नाही म्हनाव, हे मले कोनी शिकवलंच नाही."

सुगी झाल्यावर चार पायल्या खांद्यावर टाकून मी त्यांच्याकडे गेलो. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते तं गेले ना हो लेकीकडे, वडनेर भोलजीले. बाटल्या बी नाही नेल्या."

पोतं घेऊन तसाच घरी आलो. बायकोनं आधी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ओता कनगीत," ती म्हणाली. "पोरीले पुन्हा ताप आला म्हंजे कण्या शिजवून घालू."