भोपळेनानांचं आभाळ

भोपळेनानांचे केस कोरडे असे कुणी पाहिलेच नव्हते. लग्नाच्या पंगतीतही ते ओल्या डोक्यानेच बसायचे. त्यांच्या ओसरीवर वाळलेले भोपळे टांगलेले असत, म्हणून हे नाव. गावाजवळच्या पाटाला पाणी सुटलं की ते भोपळे पोरांच्या पाठीला बांधून नाना अख्ख्या गावाला पोहायला शिकवत.

शिकवणं कसलं, उचलायचं आणि पाटात टाकायचं! मी बोंबललो तेव्हा काठावरून ओरडले, "उताना व्हय! आभायकडे दख नि पाय हालाव. आभाय दिखस तवलोंग कोनी बुडत नही." नाना स्वतःही तसेच, आभाळावर नजर ठेवून, खाटेवर पडल्यासारखे उताणे वाहत जायचे.

दोन वर्षांपूर्वी पाटावर सोलर पॅनल बसवायचं ठरलं, तेव्हा नाना हसत सुटले. "पानीले काय ऊन लागस का?" साइटवरच्या इंजिनियर मुलीने समजावलं, की सावलीत पाणी कमी आटतं, आणि खालच्या पाण्याने पॅनल थंड राहिली की वीजही जास्त मिळते. नानांना ते पटलं, हीच तर पंचाईत झाली.

"चांगलं शे, बेटा. पन पोरं कथा पोहतीन? कोनता पानीमा?"

"नाना, इथलं पोहणं आता बंद," ती हळूच म्हणाली.

"बंद कशाले? पॅनलना खालथून जासूत."

पॅनलखाली पहिल्यांदा पाणी आलं त्या दिवशी मी शहरातून, देवपूरहून गावी आलो होतो. कुणी अडवायच्या आत नाना उताणे होऊन खाली शिरले. आम्ही काठाकाठाने थट्टा करत दुसऱ्या टोकाला निघालो. बुडी मारून पोरांना रडवायचं आणि भलतीकडूनच डोकं काढायचं, ही त्यांची जुनी खोडी. टोकाशी पोचलो. पाणी येत होतं, नाना येत नव्हते. हाका मारून घसे बसले. ती इंजिनियर मुलगी रडू लागली.

नाना आले ते पालथे, काठाचा दगड अन् दगड चाचपत. बाहेर ओढलं तर भर उन्हात थरथरत होते.

"पॅनलखाले, मझार आभायच नही रे," एवढंच म्हणाले. "कथा जाऊ, कोनता बाजूले, काही समजनंच नही."

पाण्याला घाबरलेली माणसं मी पुष्कळ पाहिली होती, पण नाना?

दुसऱ्या दिवशी सकाळी भेटायला गेलो, तर ओट्यावर बसून ते एकेक भोपळा दगडाने फोडत होते.

"नाना, हे काय करताय?"

"आते कोनले शिकाडू?"

त्यांनी वर पाहिलं नाही. केस कोरडे होते.